मागून घेतलेली थापी

सोमवारी रादिशा मिस्त्रीने देसांकाच्या न्हाणीघरातला टब फोडून काढला, जमीन उकरली, कॉफी आणि दोन पेले राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, रिचवली आणि हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवली. "हत्यारं इथंच आहेत मावशी, म्हणजे उद्या मी आलोच समजा."

क्रुशेवात्स शहरात मिस्त्रीच्या शब्दावर कोणी विसंबत नाही, हत्यारांवर मात्र विसंबतात. देसांकाही निर्धास्त झाली.

तिचा नवरा वुकाशिन खुब्याच्या ऑपरेशननंतर शनिवारी घरी यायचा होता. टबात पाय टाकणं आता त्याला जमणार नव्हतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. शॉवरखाली खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताने अंघोळ करायची, एवढंच त्याने मागितलं होतं.

मंगळवार गेला, बुधवारही गेला. रादिशाचा फोन बंद. गुरुवारी रडकुंडीला येऊन तिने दुसऱ्या मिस्त्रीला, झिवोताला, बोलावलं. त्याने खड्डा पाहिला, रीतीप्रमाणे "ही घाण कोणी केली हो?" असं विचारलं आणि पिशवी दिसताच मागे सरला.

"त्याची हत्यारं इथं असताना मी हात लावणार नाही."

"पिशवी जिन्यात ठेवते की!"

"उद्या माझ्या कामावर कोणी असंच केलं तर? त्याने ती नेली की फोन करा. लगेच येतो."

शुक्रवारी सकाळी रादिशा दारात हजर! देसांकाने धावत जाऊन कॉफी चढवली. ती उकळेपर्यंत पिशवी त्याच्या खांद्यावर गेलीसुद्धा.

"डोंगरात मोठं काम लागलंय, मावशी. सोमवारी येतोच."

"मेल्या, निदान एखादं हत्यार तरी ठेवून जा!" तिने त्याची बाही धरली. त्याने उदार होऊन एक थापी काढून दिली.

तो जिना उतरून गेला आणि मग तिला झिवोता आठवला. तिने फोन लावला.

"सगळी नेली ना?"

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "थापी राहिलीय. मीच मागून घेतली."

"मग काम त्याचंच की, मावशी."

"फेकून देते!"

"आता मला कळलंय ना."

देसांकाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शनिवारी वुकाशिन कुबड्या टेकत थेट न्हाणीघराच्या दाराशी गेला. आत नुसता खड्डा होता.

"येईल तो," ती म्हणाली. "थापी ठेवून गेलाय."

मग तिने स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी तापवलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या शर्टाची बटणं काढू लागली. त्याने मान भिंतीकडे वळवली.