दगडापुढचा कललेला चहा

वाडग्यातला चहा दरीकडच्या बाजूने काठाला भिडत आला होता आणि डोंगराकडच्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा खाली होता. गुडघ्यांवर बसलेल्या नोबुएने तो पुन्हा एकदा निरखला. पाण्याची पातळी चुकत नाही. कललं होतं ते वाडग्याखालचं, म्हणजे स्मारकाचा दगडच.

महायुद्धात गेलेल्या माणसांसाठी गावातल्या विधवांनी आणि आयांनी तो नदीपात्रातून दोरांनी ओढत या उतारावर आणला होता. बहुतेकांची हाडंही परत आली नव्हती. दर ऑगस्टमध्ये त्यांना इथे चहा द्यायचा, आणि त्यावर जिवंत माणसाचा श्वास पडू द्यायचा नाही. म्हणून देणारीच्या तोंडावर पांढरा कागद बांधलेला. तिला हा चहाविधी शिकवणाऱ्या गुरुबाई वारल्यापासून हा मान नोबुएचा होता. दगडाची देखभालही तिच्याच शब्दावर चाले.

मृतांपुढे चहा तिरका ठेवणं म्हणजे त्यांचा अनादर. म्हणून पहिल्यांदा फरक दिसला तेव्हा तिने किमोनोच्या गळ्यातून कागदाची घडी काढून वाडग्याखाली सरकवली. पुढच्या वर्षी घडी जाड झाली, त्यापुढे आणखी जाड. चहा सरळ दिसत राहिला आणि दगड कलतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. यंदा ती घडीही पुरली नव्हती.

सकाळी तिने विषय काढून पाहिला होता. "फुजिए आजी, यंदा दगडाच्या खालच्या बाजूला नको, देवळात बसू या. आठवडाभर पाऊस झालाय."

"का गं बाई? मी काय मिठाची आहे?" नव्वदी ओलांडलेली फुजिए आजी म्हणाली. "त्या दोराचे वळ माझ्या आईच्या खांद्यावर मरेपर्यंत होते. दादा कुठल्या समुद्रात पडलाय देव जाणे. त्याला घरचा हा एकच पत्ता ठाऊक आहे."

"पत्ता बदलला तर आजी पोस्टात जाऊन भांडेल," सरपंच सेइजिरो म्हणाला.

"तू गप रे! बापाचंच तोंड घेऊन आलायस."

सगळे हसले. नोबुएही हसली, आणि दगड कलतोय हे पुढचं वाक्य दरवर्षीप्रमाणे गिळून बसली.

आता तीच माणसं दगडाच्या बरोबर खाली, ओल्या चटयांवर माना झुकवून बसली होती. पुढे फुजिए आजी, तिच्यामागे पोरंबाळं. कुणी खोकतही नव्हतं. दगडामागच्या झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून टपटपत होतं, तेवढाच आवाज.

मग तो आवाज बंद झाला.

नोबुएचा हात वाडग्यापाशीच थबकला. पन्हळीच्या टोकाला एक थेंब लोंबला, पडला, आणि मागून दुसरा आला नाही. इतक्या पावसानंतर झरा आटतो तो एकाच कारणाने. आत कुठेतरी डोंगर सरकलेला असतो आणि पाण्याने वाट बदललेली असते. या खोऱ्यात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण माना खाली होत्या आणि मनं मेलेल्यांपाशी.

दगडाच्या पायाशी माती चरचरली. दोन खडे घरंगळत फुजिए आजीच्या चटईपर्यंत गेले.

नोबुएने तोंडावरचा कागद ओढून काढला.

"उठा! सगळे देवळाकडे चला! आधी पोरं!"

सेइजिरोने मान वर केली, पन्हळीकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने जवळची दोन पोरं बखोटीला धरून उचलली. माणसं धडपडत पळू लागली. फुजिए आजी मात्र जागची हलली नाही.

"चहावर श्वास सोडलास तू," ती म्हणाली. "दादाच्या चहावर!"

"हो, सोडला." नोबुएने खाली उतरून तिच्या काखेत हात घातले.

"मी नाही येणार. दगड इथे, तर मी इथे."

"दगड इथे राहणार नाही, आजी," नोबुए म्हणाली. "आपल्याला तो इथून हलवायचा आहे. मी ठरवलंय."