काजळी लागलेला मानाचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना काशाचा हंडा. तीन पाय, दोन कान, पोट ऐसपैस. समुद्राकाठच्या एका ग्रीक गावात मला घडवलं, ते पाणी तापवायला नव्हे, बक्षीस म्हणून मिरवायला. आगीची झळ न लागलेला हंडाच मानाचा, अशी तिथली रीत. न दिसणारा मान तिथे कुणी जमेस धरत नसे.

म्हातारा सरदार वारला, तेव्हा तिथल्या रीतीप्रमाणे चितेनंतर त्याच्या मानासाठी रथांची शर्यत झाली. थेओक्लोसने मला जिंकलं. दुसरा आलेला फिलाग्रोस त्याला चोर म्हणाला, याने त्याला बोकड म्हटलं, आणि दोघांचं बोलणं तुटलं. मी दोघांना तोलून पाहिलंय. शौर्य बरोबरीचं, बढाईत थेओक्लोस जड, रागात फिलाग्रोस. समजूत दोघांकडेही चिमूटभर. भाला फेकण्याआधी आजा-पणज्यांची नावं सांगायला मात्र कुणी विसरत नसे. शत्रूही तेवढा वेळ थांबे.

मग जहाजांतून लुटारू उतरले. खालच्या वस्तीतली काशाची भांडी त्यांनी पळवली, मातीची फोडली. त्यांना अडवताना फिलाग्रोस वाळूत पडला.

मेलेल्याला ऊन पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय तिथे चिता पेटत नाही. त्याचा जीव पाताळाच्या दाराशी ताटकळतो म्हणतात. फिलाग्रोसची बायको मेलिता टेकडी चढून थेओक्लोसच्या घरी आली आणि विनवणीला तिने त्याचे गुडघे धरले.

"हंडा दे. त्याला न्हाऊ घालायचंय."

"हा आगीवर चढत नाही, बाई."

"मग कशावर चढतो? तुझ्या डोक्यावर?"

"तुझ्या नवऱ्याने मला चारचौघांत चोर म्हटलं."

"म्हटलं ना. आता म्हणतोय का? जा, विचार त्याला."

"अगं, काळा झाला की संपलं. पाहुणे आले की दाखवू काय?"

"हे दार दाखव. लुटारू इकडेच निघाले होते. वाटेत कोण उभं होतं?"

थेओक्लोस मोठ्याने रडला. तिथल्या वीरांना रडायची लाज नसते. डोळे न पुसताच त्याने मला खांद्यावर घेतलं, खाली नेलं, आणि लाकडं स्वतः सारली. पहिल्या जाळाने माझं बूड काळं झालं. पाणी ऊन झालं. त्याने फिलाग्रोसच्या केसांतली वाळू धुतली. मेलिताने चिता पेटवली.

नंतर गवई आला. त्याने शर्यत गायली, भाला गायला, दोघांचे पणजेही गायले. पाणी कुणी तापवलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. नावावर जीव टाकणारा थेओक्लोस समोर बसून होता. तो काही बोलला नाही.

मित्रांनो, थेओक्लोसने मला परत नेलं नाही. मी आता मेलिताकडे असतो, माझ्यात जवाची पेज शिजते. मला जपायचं असेल तर एवढंच करा: कोपऱ्यात ठेवून पुजू नका, चुलीवर ठेवा. आणि बूड घासायला वाळू आणू नका. थेओक्लोसने ते पाणी तापवलं, याची या काजळीखेरीज दुसरी खूण कुठे उरलेली नाही.