केकवरचं नाव

आंबट सायीच्या वाटीत, कडेपासून दोन बोटं आत, एक अर्धवर्तुळाकार खाच पडली होती आणि खाचेच्या तळाशी तांबूस कण होते. ह्याल्तीने बटाट्याचा काप आधी वाटीत बुडवला होता, मग चावला होता आणि उरलेला तुकडा पुन्हा बुडवला होता. ही त्याची तिसरी खेप. कण सॉसेजचे होते, त्याच्या तोंडातून आलेले. मी मासळीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या बशीत रात्रभरात वाढलेले ठिपके मोजणं हे माझं रोजचं काम. त्या वाटीतला नमुना उबेला ठेवला असता तर उद्या काय दिसलं असतं, ते मला न ठेवताही दिसत होतं. वाटी उचलून न्यायला हवी होती. नेली नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. संध्याकाळी सात वाजता युरोपभरच्या देशांची गाण्यांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडच्या डोंगरावरच्या बर्फावर लख्ख ऊन होतं, आणि टीव्ही नीट दिसावा म्हणून केतिलने पडदे ओढले होते. केतिल माझा नवरा. आमच्या दाल्विक गावात त्या संध्याकाळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळं गाव कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात असतं. आमच्याकडे एकोणीस वर्षं हेच चौघं-पाचजण जमतात, कारण आमची खोली मोठी आहे.

या वर्षी आपल्या देशाकडून सुन्नेवा गाणार होती. ती याच गावची, ह्याल्ती आणि स्टेनुन यांची मुलगी, वय वर्षं एकवीस. सव्वीस देशांत आपली गायची पाळी सतरावी होती.

ह्याल्तीने सुन्नेवाचा फोटो छापलेला सदरा घातला होता. त्याने तो स्वतःच करून घेतला होता. तो वाटीकडे वाकला की तिचा चेहरा पोटाच्या वळीत दुमडायचा आणि हनुवटीच्या जागी कपाळ यायचं. सकाळपासून तीन घरी जाऊन तो हा सदरा दाखवून आला होता. आता डेन्मार्कमधल्या बहिणीला फोन लावून सांगत होता की आम्हाला इथून आमच्याच देशाला मत देता येत नाही, तेव्हा तू एका फोनवरून देता येतात ती वीसच्या वीस मतं दे, शेजाऱ्यांनाही द्यायला लाव, माझी मुलगी आहे म्हणून सांग. "माझी मुलगी" हे शब्द त्याने त्या एका फोनवर सहादा उच्चारले. मुलीशी तो सहा वर्षं बोललेला नव्हता.

ते सहा वर्षांपूर्वी इथेच झालं, याच खोलीत. सुन्नेवा तेव्हा पंधराची होती आणि चर्चमध्ये पहिल्यांदा एकटीने गायली होती. कुठल्याशा देशाची बाई पडद्यावर उंच सूर लावत होती, तेव्हा ह्याल्तीने आवाज बंद केला, उभा राहिला आणि सुन्नेवा चर्चमध्ये कशी गायली ते करून दाखवलं. अडलेल्या मेंढीचा आवाज काढला, डोळे फिरवले, गुडघे वाकवले. सगळे हसले. मीही हसले. स्टेनुन तेव्हा स्वयंपाकघरात भट्टीतून पाव आणि हॅमचं भांडं काढत होती. तिने ते ओट्यावर ठेवलं, हातमोजे घडी करून शेजारी ठेवले, कोट घातला आणि मागच्या दाराने गेली. महिन्याभरात ती मुलीला घेऊन त्याच्यापासून वेगळी झाली. पुढच्या मे महिन्यात बोलवायचं कुणाला असा प्रश्न आला तेव्हा केतिल म्हणाला, ह्याल्तीला तर बोलवावंच लागेल. केतिल आणि ह्याल्तीची मासेमारीची बोट एकत्र आहे. मी काही बोलले नाही, आणि त्यानंतरही दर वर्षी बोलले नाही. स्टेनुन आमच्यापासून चार घरं वर राहते. दुकानात भेटली की आम्ही हवेबद्दल बोलतो.

गुरुवारी, उपांत्य फेरी संपल्यावर, सुन्नेवाचा मला निरोप आला होता. तिने लिहिलं होतं, आईला विमानाचा प्रवास झेपत नाही म्हणून ती आली नाही, आणि शनिवारी ती एकटीच बघणार म्हणते. वाल्दीस, तिला तुझ्याकडे बोलाव. बाबा असतील तर ती येणार नाही, हे तुला ठाऊक आहे.

मला ठाऊक होतं. मी केतिलला निरोप दाखवला. तो म्हणाला, हंगाम चालू आहे, ह्याल्तीशी आता वाकडं घेऊन बोटीवर कोण चढणार, एवढी एक संध्याकाळ जाऊ दे. मी सुन्नेवाला लिहिलं, बघते. तेव्हापासून बघतच होते.

सातव्या गाण्याला ओद्नीने केक आणला. ओद्नी शाळेत शिकवते आणि तिला सगळ्यांना खूश ठेवायला आवडतं. पांढऱ्या सायीवर तिने निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, सुन्नेवा ह्याल्तादोत्तिर. ह्याल्तीची मुलगी. म्हणाली, शाळेच्या जुन्या पटावरून स्पेलिंग तपासून घेतलं, चूक नको म्हणून. स्टेजवर ती नुसतं सुन्नेवा एवढंच नाव लावते, त्यामुळे ओद्नीला कळायला दुसरा मार्ग नव्हता. मला होता. मार्चमध्ये सुन्नेवाने रीतसर अर्ज करून बापाचं नाव काढलं होतं आणि आईचं लावलं होतं, आणि फोन करून मला सांगितलं होतं. केक माझ्यासमोर होता. मी सुरी आणायला आत गेले.

ह्याल्तीने सुरीची वाट पाहिली नाही. स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली निळी साय चाखली, आणि तेच बोट पुन्हा फिरवलं. "गोड आहे पोरगी," तो म्हणाला. ओद्नी हसली. त्याने बोट सोफ्याच्या हातावर पुसलं. निळा डाग अंदाजे चार सेंटिमीटर लांब होता आणि त्याच्या एका टोकाला चरबीची कड होती, कारण त्याआधी त्याने कोकराच्या बरगड्या चोखल्या होत्या.

गाणी चालू होती. दर गाण्यावर ह्याल्तीचं काही ना काही असायचंच. एका गायिकेच्या मांड्यांवरून त्याने केतिलला विचारलं, हिचं वजन बोटीच्या काट्यावर करायचं का. एका मुलाच्या डोळ्यांतल्या काजळाबद्दल तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. केतिल पायांकडे बघून हसत होता. दर गाण्यानंतर गुण द्यायचे असतात. तक्ता माझ्याकडे असतो, कारण माझं अक्षर बारीक आणि सरळ आहे. मी ह्याल्तीचे गुण त्याच्या रकान्यात लिहीत होते. दोन, शून्य, चार. आकडे सरळच येत होते. सोळावं गाणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सतरा म्हणजे अजून खूप लांब आहे असं तीन तास धरून बसले होते. तीन नव्हे, घड्याळात सव्वा तासच झाला होता.

मग सुन्नेवा आली. लांब राखाडी कोट, मोकळे केस, मागे कुणी नाचणारे नाहीत. ती चांगली गायली. मला गाण्यातलं कळत नाही, पण शेवटच्या कडव्यात तिने एक सूर धरला तो अजिबात हलला नाही. ओद्नीने तोंडावर हात ठेवला होता. केतिलने टोपी काढली होती. आणि ह्याल्ती रडत होता. खरं रडत होता. नाक गळत होतं, ते तो सदऱ्याला पुसत होता, फोटोच्या केसांना. आतापर्यंत मला त्याची किळस आली होती ती त्याच्या तोंडाची, बोटांची, बोलण्याची. या अश्रूंची आली ती वेगळी. ढोंग असतं तर मी सहन केलं असतं. त्याला मनापासून वाटत होतं की हे सगळं त्याचं आहे.

गाणं संपलं. आपला निवेदक भारावलेल्या आवाजात म्हणाला की शब्द आणि चाल दोन्ही तिचीच, दाल्विकची सुन्नेवा स्टेनुनारदोत्तिर.



"गाढव आहे," ह्याल्ती म्हणाला. "अख्ख्या युरोपासमोर नाव चुकवलं. फोन लाव रे केतिल, टीव्हीवाल्यांना."

केतिलने खरंच फोन उचलला. ओद्नी केककडे बघत होती. बोट फिरवलेल्या जागी 'ह्याल्ता' पुसट झालं होतं.

"चूक नाहीये," मी म्हणाले. "मार्चमध्ये तिने बदललं. मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं," ह्याल्ती म्हणाला. तो हसला. "अगं, हे त्या बाईचं काम. कान भरले पोरीचे. बघ आता, घरात एकटी बसून टीव्हीसमोर टाळ्या वाजवत असेल. तिच्याकडे कोण जाणार?" मग तो मागे टेकला, वाटी मांडीवर घेतली आणि केतिलला म्हणाला, "बापाचं रक्त बदलता येत नाही अर्जाने. गळा कुणाचा आहे, ते सगळ्यांनी ऐकलंय."

मी ऐकलं होतं. तो गळा मेंढीचा म्हणून या खोलीत सगळे हसले होते, तेही मला ऐकू येत होतं.

केतिल हळूच म्हणाला, "वाल्दीस, मतमोजणी होऊ दे. मग बोलू."

मतमोजणीला अजून तासभर होता. नऊ गाणी उरली होती. स्टेनुनचं घर चार घरं वर होतं आणि तिला यायला दोन मिनिटं लागली असती. मी गुणांचा तक्ता टेबलावर उलटा ठेवला आणि ह्याल्तीच्या मांडीवरची वाटी उचलली. केतिल उठून उभा राहिला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"ह्याल्ती," मी म्हणाले, "तू आता घरी जा. मी स्टेनुनला बोलावतेय. आणि यापुढे या घरात ती येईल, तू येणार नाहीस."