कापलेले चाळीस सेकंद

१९९८ सालची गोष्ट. नेजिबाला रेडिओतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं, दुपारी एकच्या बातम्यांपूर्वी बारा मिनिटं, तिचा आवाज ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर घराघरांत ऐकू यायचा. चुलीवर कुसकुस वाफवत ठेवलेला असायचा आणि बायका पोरांना दटावायच्या, "गप्प बसा रे, नेजिबा बोलतेय." आता ती पुस्तक लिहीत होती. फ्रेंचांच्या राज्यात ज्यांनी काही केलं आणि ज्यांच्यावर कुणी ओळसुद्धा लिहिली नाही, अशा माणसांवर: तुरुंगातला एक आचारी, कचेरीतला एक दुभाष्या, खाणीवरची एक सुईण. इतिहासाचे प्राध्यापक तिला "रेडिओवाल्या बाई" म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

शेवटचं प्रकरण केरकेन्ना बेटावरच्या हमूदा कोळ्याचं होतं. १९५२ च्या जानेवारीत फ्रेंचांविरुद्धच्या संपातल्या सात जणांना धरायला सैनिक आले, तेव्हा हमूदानं त्या सातही जणांना आपल्या होडीतून पळवलं. त्या उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्यांची कुंपणं घालून मासे धरतात. प्रत्येक घराचा समुद्राचा तुकडा ठरलेला, बापाकडून मुलाकडे आलेला. कुंपणांमधल्या वाटा हमूदाला पाठ होत्या. सैनिकांची लाँच गाळात रुतून बसली. १९७४ मध्ये नेजिबानं त्याच्या घरी जाऊन त्याचं बोलणं टेपवर घेतलं होतं. कार्यक्रम लागला आणि वर्षभरात बंदरावरच्या गल्लीला हमूदाचं नाव मिळालं.

प्रकरण छापायला देण्याआधी ते वाचून दाखवायला ती बेटावर गेली. हमूदा वारून बरीच वर्षं झाली होती. त्याचा मुलगा तीजानी अंगणात दोरीवर ऑक्टोपस वाळत घालत होता. हात पुसून तो ऐकायला बसला.

"वा, लल्ला नेजिबा! बाबा समोर बसून बोलताहेत असं वाटलं." तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं 'लल्ला' म्हणतात आणि पुरुषाला 'सी'.

शेजारची शदलिया, साठी उलटलेली बाई, केव्हाची दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकातसुद्धा माझी आई नाहीच."

"झालं हिचं सुरू," तीजानी म्हणाला. "अगं, पाहुणी आलीय. आज तरी जीभ आवर."

"तू गप. तुला गल्ली मिळालीय ना, तिच्यात जाऊन बस." मग ती नेजिबाकडे वळली. "लल्ला, त्या दिवशी तुम्हाला चहा मीच दिला होता. सी हमूदानं तुमच्या यंत्रासमोर माझ्या आईचं नाव घेतलं होतं. मी या कानांनी ऐकलं; पुढचं ऐकायच्या आत मला पेले घेऊन आत जावं लागलं. रेडिओवर लागलं तेव्हा मात्र ते नव्हतं."

शदलियाची आई मन्नूबिया फ्रेंच अंमलदाराच्या घरी धुणं धुवायची. स्वातंत्र्यानंतर गावानं ठरवून टाकलं की त्या सात जणांची चुगली तिनंच केली. १९७९ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या जनाज्याला चार पुरुष होते, त्यांतला एक हमूदा. आपल्या आईच्या नावावरचा डाग जावा, एवढंच शदलियाला हवं होतं.

"मला आठवत नाही, शदलिया," नेजिबा म्हणाली. "पण टेप माझ्याकडे आहे. ऐकून सांगते."

घरी येऊन तिनं टेप लावली. हमूदाचा खरखरीत आवाज आला: "शुक्रवार होता. मी दारात बसलो होतो. मग मी होडी काढली."

तिनं टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. 'होतो' आणि 'मग' यांच्यामध्ये श्वासच नव्हता. मागे कोंबडा आरवत होता, तो आरवता आरवता मध्येच तुटला होता. माणूस श्वास घेतो तिथेच नेजिबा टेप कापायची, सगळ्या रेडिओत तिचा हात सफाईदार मानला जायचा. इथे तिनं घाईत कापलं होतं.

आणि मग तिला सगळं आठवलं. कार्यक्रम चाळीस सेकंदांनी लांबत होता आणि बातम्या कुणासाठी थांबत नाहीत. ब्लेड हातात घेऊन तिनं बिनमहत्त्वाचं काय ते शोधलं. हमूदा सांगत होता: "होडी काय, कुणीही वल्हवेल. शुक्रवारी आमच्याकडे कुणी धुणं वाळत घालत नाही. मन्नूबियानं मला सांगून ठेवलं होतं, माझ्या मालकाच्या गच्चीवर शुक्रवारी चादर दिसली तर समज, सैनिक निघाले. तिनं ती घातली. सगळं तिचंच आहे." धुण्याची गोष्ट, असं म्हणून नेजिबानं नेमकं तेच कापलं होतं. कापलेली फीत टोपलीत गेली, टोपली कचऱ्यात.

प्रकाशक सी ज़ुहैर फोनवर हसला. "बाई, पुरावा काय? न आलेला श्वास? प्राध्यापक मंडळी तुम्हाला फाडून खातील. एक बदल कबूल केलात तर म्हणतील, तीस वर्षांतलं खरं तरी काय होतं?"

ते खरंच होतं. नेजिबानं तरी पुन्हा बोट पकडली आणि आधी तीजानीला सांगितलं. तो लाल झाला.

"म्हणजे माझा बाप खोटारडा?"

"नाही रे. तो खरंच बोलला होता. खोटं मी केलं."

तीजानी उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "तुमचा कार्यक्रम संपला तेव्हा बाबांनी रेडिओ बंद केला. तेव्हापासून दर शुक्रवारी पहिला मासा मन्नूबियाच्या दारात. आई भांडायची, लोक नाही नाही ते बोलायचे. बाबा कारण सांगायचे नाहीत. फार विचारलं तर म्हणायचे, रेडिओनं ऐकलं नाही ते गाव काय ऐकणार. मला वाटायचं, म्हातारा नादावलाय."

"हे लिहू?"

"लिहा. मी सांगितलं म्हणून लिहा, माझ्या नावानिशी. नाहीतर शदलिया जन्मभर म्हणेल, तीजानीनं तोंड उघडलं नाही."

प्रकरण मन्नूबियाच्या नावानं छापलं गेलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "हे मी कापलं होतं."

पुस्तक २००० साली आलं. दोन प्राध्यापकांनी वर्तमानपत्रांत त्याची यथेच्छ टिंगल केली आणि सी ज़ुहैरनं दुसरी आवृत्ती काढली नाही. गल्ली हमूदाच्याच नावाची राहिली. शदलियाला वाचता येत नव्हतं. तिनं ते पुस्तक हम्माममध्ये, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, नेलं आणि शाळामास्तरणीकडून सगळ्या बायकांसमोर वाचून घेतलं. चुगली केली असं म्हणणाऱ्यांपैकी तिघी तिथे होत्या. दोघी तिच्या घरी येऊन गेल्या, तिसरी आली नाही. शदलिया २००७ मध्ये वारली. गुडघे गेल्यावर तीजानीनं समुद्राचा तुकडा पुतण्याला दिला आणि तो मुलीकडे राहायला गेला.

नेजिबानं दुसरं पुस्तक लिहिलं नाही. घरी असलेल्या तीनशे टेपा ती एकेक करून ऐकत बसली, जिथे श्वास तुटला आहे त्या जागा शोधत. तिला अशा अकरा सापडल्या. ज्यांचं बोलणं तिनं तिथे कापलं होतं, त्यांतल्या सात जणांच्या घरी ती जाऊन आली. उरलेल्या चौघांचं कुणीच मागे राहिलं नव्हतं.