चारा छावणीची पाच ओळींची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात दोऱ्याने बांधून ठेवतात तसली नव्हे, संगणकातली. माझ्या पोटात अवघ्या पाच ओळी. पण दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात चारशे जनावरांचा चारा माझ्यावर अडला होता.

घाटनांदूरजवळच्या एका गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती. विहिरींनी तळ गाठला तसे संस्थेने आवारातच चारा छावणी उघडली. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला लावला. बिल्ल्यांची सारी नोंद, म्हणजे डेटाबेस, आतल्या खोलीतल्या संगणकात होती. चारा मात्र बाहेर खिडकीवरच्या संगणकात यादी बघून वाटायचे. या दोघांची गाठ घालायला शिवकन्येने मला लिहिले. अंबाजोगाईला शिकून आलेली ती संस्थेची पहिली ऑपरेटर. आतल्या संगणकाचा पत्ता, त्याचा दरवाजा म्हणजे पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड, एवढेच तिने माझ्यात लिहिले.

संस्थेचे सचिव सुंदरराव मागे उभे राहून बघत होते. “एवढ्याशा पाच वळींनी काय व्हतंय, पोरी?”

“काका, कणगी आत हाय आन् खिडकी बाहेर. मधली वाट कुणीतरी दावाया पायजे की.”

सुंदरराव हसले. पण ती वाट मी रोज दाखवली. प्रोग्राम उघडला की तो आधी मला वाचायचा, मग आत जाऊन यादी आणायचा. कौतुक व्हायचे ते पडद्याचे. तरी छावणीतल्या केशरबाईंच्या नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा नंबर खिडकीत उमटला की मला फार बरे वाटायचे.

मे महिन्यात शिवकन्या लग्न होऊन युसूफ वडगावला गेली. त्याच आठवड्यात उन्हाच्या काहिलीने आतला संगणक बंद पडला. मेकॅनिकने नवा बसवला, नोंदी त्यात उतरवल्या आणि तो निघून गेला. माझ्यात मात्र जुनाच पत्ता राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन दिवसांच्या खंडानंतर चाऱ्याचा ट्रक आला. खिडकीवर अक्षरे उमटली : जोडणी होत नाही. यादीशिवाय वाटप केले तर मारामारी होईल, हे सुंदररावांना ठाऊक होते. बाहेर गुरे हंबरत होती.

केशरबाई पुढे आल्या. “कावून थांबलाव, सुंदरराव? म्हशीचं दूध आटलं तर रेडकू जगंल का?”

सुंदररावांनी शिवकन्येला फोन लावला. तिने त्यांच्याकडून मला उघडून घेतले. ते मला मोठ्याने वाचू लागले. पाचव्या ओळीला ती ओरडली, “काका, पासवर्ड न्हाई! सारी छावणी ऐकतीय!”

मग तिने विचारले, “नव्या डब्यावर मेकॅनिकनं पत्त्याची चिठ्ठी लावली हाय का? तिच्यावर शेवटचा आकडा काय?”

“सतरा.”

“आन् फायलीतल्या पत्त्यात?”

“पाच.”

“मंग पाच खोडा, सतरा लिवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका.”

एका बोटाने, घाम पुसत, सुंदररावांनी दोन आकडे उमटवले. प्रोग्राम पुन्हा उघडला आणि यादी झरझर खाली उतरली. पहिली पेंढी केशरबाईंना मिळाली. त्या दिवशी सुंदररावांनी माझ्या माथ्यावर स्वतःची एक ओळ लिहिली : ‘संगणक बदलला तर पत्ता इथे बदला.’

पाऊस आला, छावणी उठली. पुढे नवा प्रोग्राम आला आणि मला कोणी उघडेना. मागच्या वर्षी तो खिडकीवरचा संगणक भंगारात निघाला. माहेरी आलेल्या शिवकन्येने तो शेवटचा सुरू केला आणि माझ्यातला पासवर्ड तेवढा पुसला. बाकीच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि पेनड्राइव्हवर उतरवून मला स्वतःबरोबर नेले.

मित्रांनो, यंत्र अडले की त्याला बडवू नका; वाट कुठे तुटली ते शोधा. जे बदलाल ते मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवा. आणि जुन्या वस्तूला निरोप देताना तिच्याजवळची किल्ली आधी काढून घ्या. त्या ओझ्यातून मी मोकळी झाले, म्हणूनच आज तुमच्याशी इतके मोकळेपणाने बोलू शकले.