चाफ्याखालची पणती

"प्रमोदिनीबाई, टांगेवाल्याला जरा बिगीनं हाकायला सांगा की," चिमणाबाई पुन्हा म्हणाली. तिला बसवत नव्हतं. पदराखाली पणती होती, तेलाची बाटली होती, आणि समोर बसलेली ही चाळिशीची गोरी बाई म्हणजे आपली यांका, हे काही केल्या मनाला पटत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडची निराधार माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली. चिमणाबाई तिथं दुधाचा रतीब घालायची. तिथल्या लहानग्या यांकाची आई तापानं गेली. पुढं छावणी उठली, तेव्हा पोर गाडीच्या खिडकीत रडत होती. चिमणाबाई म्हणाली, "तुझ्या आईकडं मी बघीन." पोरीला काय कळलं असेल कोण जाणे, पण शब्द दिला तो दिला. दर अमावास्येला ती कोल्हापूरच्या दफनभूमीत जाऊन दगड पुसायची, दिवा लावायची. नवरा करवादायचा, सून हसायची. हसेना का बापडी.

आज लेकच आली होती. आईची जागा बघून ती काय म्हणेल, याचा चिमणाबाईच्या जिवाला घोर लागला होता.

चाफ्याखालचा दगड लख्ख होता, तरी तिनं तो पदरानं पुसला. यांका वाकली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि थांबली. प्रमोदिनीबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्याशी ती हळूच काही बोलली.

"काय म्हनती?"

"चिमणाबाई, ही तिची आई नव्हे. कुणी म्हातारा आहे."

यांका एकेक दगड वाचत पलीकडं गवतात शिरली. भिंतीकडेला, शेवाळलेल्या एका दगडापाशी गुडघ्यांवर बसली. आई तिथं होती.

चिमणाबाई प्रमोदिनीबाईंकडं वळली. "बाई, तिला सांगा, मला वाचाय येत न्हाय. पुरताना मी चाफ्याखाली हुबी हुते, तीच खूण धरली. पोरीला मी फसवलं न्हाय."

प्रमोदिनीबाईंनी सांगितलं. यांका डोळे पुसत परत आली, चिमणाबाईचा हात धरून काही बोलली.

"ती विचारतेय, या म्हाताऱ्याचं कधी कुणी आलं होतं का?"

"कोण येनार? मीच की."

यांकानं तिच्या हातातली पणती घेतली, पेटवली आणि चाफ्याखालीच ठेवली. मग दोघी भिंतीकडेला बसून गवत उपटत राहिल्या.

पुढच्या अमावास्येला चिमणाबाई सुनेला म्हणाली, "वाती दोन वळ." या खेपेला सून हसली नाही.