तरटावरचा निकाल

अन्नपूर्णाबाईंनी सोयाबीनचं बी पास केलं की त्यावर सरकारी शिक्का बसल्यासारखंच, असं चिखलीकडच्या त्या गावात मानत. पेरणीआधी बाया आपापलं बी घेऊन त्यांच्या अंगणात यायच्या. ओल्या तरटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, वरून दुसरं तरट टाकून गुंडाळी करायची, आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. एकदा त्यांनी नुसते डोळे वटारले तर सात आळशी दाण्यांनी जागच्या जागी मोड काढले म्हणतात. पाहणारे आता हयात नाहीत, त्यामुळे खोटं म्हणायलाही जागा नाही.

या अन्नपूर्णाबाईंची सून छाया. लग्नाला नऊ वर्षं झालेली, तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गर्भ पडला. मग अकोल्याच्या एका दवाखान्यात उपचार झाले. काचेच्या बशीत सहा गर्भ तयार झाले, पोटात ठेवण्याआधी तपासले. पाच बिघडलेले निघाले, गुणसूत्रांचा कुठे तुकडा जास्त तर कुठे कमी. एकच धड होता, तो गोठवून ठेवला.

अन्नपूर्णाबाईंनी लगेच निकाल दिला. "वावरच खारपाण हाय. त्यात दाणा कसा जगंन?" हा निकाल त्यांनी बारशात सांगितला, गिरणीवर सांगितला, आणि एका डोहाळजेवणात छायाला ओलांडून पुढच्या बाईची ओटी भरली. "शेवटचा दाणा मी त्या वावरात वाया घालू देणार नाही," असंही बजावलं. गर्भ पोटात ठेवायचा तर नवऱ्याची सही लागत होती. नवरा अविनाश म्हणे, "जरा थांब ना. आईचं मन वळू दे." चार महिने तो जरा थांबूनच राहिला होता.

खरी गोष्ट अविनाशला ठाऊक होती. दोघांचं रक्त तपासलं तेव्हा छायाचं साफ निघालं. अविनाशच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे मात्र एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. त्याला स्वतःला त्याचा काडीचा त्रास नाही, पण गर्भात उतरताना वाटणी चुकते. "आईले सांगू नको," एवढंच तो म्हणाला होता.

ही अदलाबदल आली कुठून, हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईचं रक्त मागितलं. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. अविनाशनं आईला नीट कारण सांगितलंच नाही, आणि आईला ते लागलंही नाही. चिखलीच्या लॅबमध्ये त्यांनी पोलक्याची बाही वर सारली आणि साऱ्या बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घे बापू, पाह्यजे तेवढं घे. आमच्या रक्तात खोट निघाली त चारचौघात कान पकडीन."

रिपोर्ट छायाच्या मोबाईलवर आला. तीच अदलाबदल. तिनं तो कोणालाच दाखवला नाही, अविनाशलाही नाही. सतरा दिवस ती रोज चहा उकळेपर्यंत तो वाचायची आणि मग सासूच्या कपात साखर जरा सढळ हातानं घालायची.

तरटं उघडायच्या दिवशी अंगणात बावीस बाया जमल्या. भिंतीपाशी सुभद्राबाई उभी, अन्नपूर्णाबाईंची धाकटी जाऊ. दोघींचं बोलणं एकतीस वर्षं बंद. अविनाशच्या आधी अन्नपूर्णाबाईंचे चार गर्भ पडले होते, ते सुभद्राबाईच्या करणीनं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बी मात्र सुभद्राबाई शेजारणीच्या हातानं इथंच पाठवायची.

"अठ्ठ्याऐंशी," सुभद्राबाईच्या बियाचे कोंब मोजून अन्नपूर्णाबाई कडुनिंबाकडे पाहत म्हणाल्या. "ज्याचं कोणाचं असंन त्यानं न्या."

छाया पुढे आली. "आत्याबाई, एक विचारू? एका घरचे सहा दाणे तरटावर ठेवले. पाच बिघडले. वावरात गेलेच नाहीत. मंग दोष वावराचा का?"

"येडी हायेस का व? त्या दाण्यानं वावर पाह्यलंच नाही. दोष बियाण्याचा."

"आन् बियाणं घरचंच असंन त?"

"त ज्या घरचं त्या घराचा. वावराच्या नावानं काऊन बोंबलायचं?"

"पक्कं?"

"बावीस बायाइसमोर सांगून राह्यली न मी."

छायानं मोबाईल काढला. आधी अविनाशचा रिपोर्ट वाचला, मग सासूचा. शाळेत हजेरी घेतात तसा, एका सुरात. "माहे सहाही दाणे काचेतच तपासले, आत्याबाई. माह्या वावरात एकबी आला नव्हता."

अविनाश पाण्याची कॅन घेऊन दारात उभा होता. "छाया, घरात बोलू."

"चार महिने घरातच बोलली."

अन्नपूर्णाबाई खाली बसल्या त्या थेट ओल्या तरटावर. कोणाचे तरी ब्याण्णव कोंब चिरडले. सुभद्राबाई भिंतीपासून पुढे आली. "म्हंजे जाऊबाई, ते चार मी नाही खाल्ले." मग म्हणाली, "अविनाशले कडेवर घ्यायची मले लई हौस होती. तुम्ही त्याले माह्या सावलीतबी येऊ दिलं नाही."

"कान राह्यले, आत्याबाई," छाया म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी कान पकडले. छायाला वाटलं होतं, एवढ्यानं पोट भरेल. नाही भरलं. तिनं पदराआडून दवाखान्याचा कागद काढून अविनाशपुढे धरला. त्यानं आईकडे पाहिलं, मग बावीस बायांकडे, आणि पाण्याच्या ड्रमवर कागद ठेवून सही केली.

बाया पांगल्या. अन्नपूर्णाबाई अजून तरटावरच होत्या. नेहमीचा आवाज त्यांना सापडेना. "छाया, डॉक्टरीणबाई काय म्हणे व? ते चार... माह्याचमुळं गेले म्हणे का?"

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा बजावून सांगितलं होतं: हे जन्मतःच असतं, यात ना आईचा दोष ना मुलाचा, सासूबाईंना हे आवर्जून सांगा. छायानं कागदाची घडी घातली, सही आतल्या बाजूला राहील अशी.

"पोळा झाला की सांगीन," ती म्हणाली.

कोणत्या सालचा पोळा, ते मात्र तिनं अजून ठरवलं नव्हतं.